रक्त अजून हवंय का?

परवा दुपारी भाकरी तव्यावर होती आणि फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज कोवळा. "ताई, तुम्हाला बी निगेटिव्हच्या प्लेटलेट्स हव्या होत्या ना? मी हडपसरला असतो. कुठल्या वॉर्डात येऊ?"

भाकरी करपली. तो मेसेज मी लिहिला होता २०१९ च्या ऑगस्टमध्ये, डेंगीच्या दिवसांत. आत्या पुण्यातल्या एका दवाखान्यात होती, प्लेटलेट्स रोज घसरत होत्या, आणि आम्ही साताऱ्याची माणसं पुण्यात कुणाला ओळखणार? मेसेज टाकला तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. रात्री दहापर्यंत दाता मिळाला. आत्या बरी होऊन घरी आली, नातीच्या लग्नात मिरवली, आणि पुढे काही वर्षांनी म्हातारपणाने शांतपणे गेली. मेसेज मात्र गेला नाही. पहिल्या रात्री चाळीसेक फोन आले, आठवडाभर येत राहिले. तेव्हापासून वर्षाला पाच-सहा तरी येतातच. आत्याचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशीही एक आला होता.

फोन करणाऱ्यांवर मी कधी चिडले नाही. अनोळखी बाईसाठी रक्त द्यायला निघालेल्या माणसावर काय म्हणून चिडायचं? पण हे होतं कसं, हे समजून घ्यायचं मी मनावर घेतलं. बँकेत नोकरी केल्यामुळे प्रत्येक कागदावर तारीख आणि सही शोधायची मला खोड आहे, आणि सगळी गोची तिथेच निघाली.

माझा मेसेज असा होता: "अर्जंट! आज रात्रीपर्यंत बी निगेटिव्ह प्लेटलेट्स हव्यात. कृपया पुढे पाठवा." खाली माझा नंबर. तारीख कुठेच नाही. मला वाटलं, 'आज' लिहिलंय की! पण 'आज' हा शब्द कोणत्याही दिवशी वाचला तरी आजच असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण मेसेज फॉरवर्ड करतो तेव्हा त्याच्याबरोबर नेमकं काय जातं? मजकूर जातो. मूळ लिहिणाऱ्याचं नाव जात नाही, आणि तो कधी लिहिला ती वेळही जात नाही. तुमच्या फोनवर दिसणारी वेळ असते ती शेवटच्या माणसाने तुम्हाला पाठवल्याची. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा मेसेज आज सकाळी ९:४२ चा होऊन येतो. पोस्टाच्या पाकिटावर प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का बसायचा, त्यावरून पत्र कधी निघालं आणि कुठे रखडलं ते कळायचं. इथे प्रत्येक मुक्कामाला जुना शिक्का पुसून नवा मारला जातो.

एक गोष्ट मात्र जाते, ती म्हणजे मोजणी. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून गेला की त्याच्यावर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसते. मला प्रश्न पडला होता की मेसेज कंपनीलाही वाचता येत नाही म्हणतात, मग मोजतं कोण? तर मोजणीचा आकडा मेसेजबरोबर त्याच बंद पाकिटात असतो. पुढे पाठवताना तुमचा फोनच त्यात एक मिळवतो. कंपनी पाकीट फोडत नाही. पण यात एक भोक आहे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर मोजणी शून्यापासून. माझा मेसेज बहुतेक असाच कुठेतरी पुन्हा जन्माला आला असणार. एका काकूंनी तर 'मेसेज खोटा वाटू नये म्हणून' तो स्वतः टाइप करून पाठवल्याचं मला अभिमानाने सांगितलं होतं.

ही खूण आणि फॉरवर्डवरचे निर्बंध आले त्यामागे आपल्याच राज्यातली एक भयंकर घटना आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचलेली होती. त्या वर्षी अशा घटना देशात ठिकठिकाणी घडल्या. आणि त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींमधली एक होती कराचीची. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि जातात. मूळ चित्रफितीत ते परत येतात, मूल खाली ठेवतात आणि मुलांच्या सुरक्षेविषयीचा फलक दाखवतात. एका संस्थेने पालकांनी जागरूक व्हावं म्हणून ती केली होती. कुणीतरी शेवट कापला. तारीख नाही, गाव नाही, शेवट नाही. मुलांना वाचवायला काढलेली फीत माणसं मारायच्या कामी आली.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं ठरवलं. पुढच्या जानेवारीत तोच नियम जगभर लागला, आणि एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काढ्यांना ऊत आला तेव्हा, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा मेसेजचं पुढे जाणं त्यानंतर ७० टक्क्यांनी घटलं. घटलं असेल. पण पाच ठिकाणं म्हणजे पाच माणसं नव्हेत. २०१८ मध्ये एका ग्रुपात २५६ जण मावत, म्हणजे पाच ग्रुप धरले तर एका अंगठ्यात १२८० माणसं. मला हे निर्बंध पटतात, तरी ते वेगावरचे आहेत. मेसेज संथ झाला म्हणून ताजा होत नाही. उलट माझ्यासारख्याचा मेसेज निवांत, वर्षानुवर्षं चालत राहतो, पंढरीच्या वाटेवर एकटाच मागे राहिलेल्या वारकऱ्यासारखा.

फेसबुकची तऱ्हा वेगळी. तिथे नाव आणि तारीख दोन्ही असतात, बारीक राखाडी अक्षरांत, पण पोस्ट तुमच्यापुढे कधी येणार हे तारीख ठरवत नाही. २००६ मध्ये न्यूज फीड आलं तेव्हापासून हे यंत्र हळूहळू शिकत गेलं की कशापाशी माणूस थांबतो. प्रत्येक पोस्टला गुण मिळतात: किती लाइक, किती कमेंट, किती जणांनी पुढे पाठवलं, ओळखीच्या कुणी काय लिहिलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे माणसामाणसांतल्या 'अर्थपूर्ण' संवादाला जास्त वजन देऊ. ऐकायला छान वाटलं. कमेंटचं वजन वाढलं. पण कमेंट भांडणावरही येतात आणि भांडणावरच जास्त येतात. मधल्या काळात तर संतापाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट गुण होते. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा हे कळलं. तोवर कंपनीनेच ते वजन उतरवत शून्यावर आणलं होतं.

रक्ताच्या पोस्टचं या गुणपत्रिकेत काय होतं? पहिल्या तासात ती थंड असते. मग लोक खाली लिहू लागतात, 'शेअर केलं', 'अप', 'मिळालं का?'. यंत्राला वाटतं, इथे गर्दी जमतेय, दाखवा अजून लोकांना. दाता मिळतो, पोस्ट टाकणारा तसं लिहितो, आणि मग खरी गर्दी होते. 'देव पावला', 'माणुसकी जिवंत आहे', हात जोडलेले पन्नास. गुण आणखी वाढतात. म्हणजे गरज संपल्यावर पोस्ट सर्वात जास्त लोकांपुढे जाते. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचा एखादा भला माणूस ती पाहतो आणि शेवटची कमेंट न वाचता फोन लावतो.

याच्या उलट एक आठवडा मी पाहिलाय. एप्रिल २०२१, दुसरी लाट. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर यांच्यासाठी माणसं ट्विटरवर अक्षरशः टाहो फोडत होती. तेव्हा कॉलेजातल्या पोरांनी न सांगता एक शिस्त लावली. प्रत्येक नंबरावर स्वतः फोन करायचा आणि पोस्टवर लिहायचं, 'खात्री केली, सकाळी १०:१५'. दोन तासांनी पुन्हा फोन, आणि बेड संपला असेल तर 'आता नाही' असं लिहून पोस्ट उडवायची. माझी भाची रात्र-रात्र हेच करत बसायची. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मदत मागणाऱ्या नागरिकांवर अफवा पसरवल्याचा ठपका ठेवून कारवाई करू नका. ते फार बरं झालं. पण नंबर उघड्यावर टाकल्याचा त्रासही तेव्हाच कळला. भाचीला भलत्या वेळी भलते फोन आले, आगाऊ पैसे मागणारे दलाल भेटले. तिने ते सिमच फेकून दिलं.

आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग! बरा झालेल्याचा प्लाझ्मा हवा, म्हणून त्या दिवसांत केवढी धावाधाव. भारतातल्याच ३९ रुग्णालयांत झालेल्या चाचणीत त्याने आजार बळावणं किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं, आणि तो निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरमध्येच छापून आला होता. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. मेसेज फिरतच होते. मेसेजला कोण सांगणार?

आता थोडं रक्ताविषयी, कारण ते कळल्याशिवाय 'अर्जंट' या शब्दाचा अर्थ लागत नाही.

आपण ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त देतो. रक्तपेढी ती पिशवी यंत्रात फिरवून तिचे भाग वेगळे करते. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, आणि त्याही साधारण खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणून प्लेटलेट्सची निकड ही नेहमी 'आज'ची असते आणि तांबड्या पेशींची ऋतूची. मे महिन्यात कॉलेजं बंद, दिवाळीत लोक गावी. शिबिरं आटतात, टंचाई येते. उलट एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी गल्लोगल्ली शिबिरं. ४२ दिवसांचा हिशोब मांडून बघा, म्हणजे त्या उत्साहाचं पुढे काय होतं ते कळेल.

आत्याला हव्या होत्या 'एसडीपी', म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्स. दात्याला यंत्राला जोडतात, यंत्र प्लेटलेट्स काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. तासभर ते दीड तास लागतो. साध्या पाच-सहा पिशव्यांमधून मिळतील एवढ्या प्लेटलेट्स एकाकडून मिळतात, पण त्याच्या हाताची शीर चांगली लागते, आधी तपासण्या कराव्या लागतात. म्हणजे मला हवा होता एक माणूस, किंवा राखीव म्हणून दोन. आले चाळीस फोन. त्यातले सदतीस जण मी परत पाठवले, आणि त्यांतल्या कितीजणांनी पुढच्या वेळी 'जाऊ दे, मिळालं असेल कुणीतरी' म्हणून फोनच केला नसेल, हा विचार मला अजून छळतो. डेंगीत आकडा घसरला की घरचे घाबरतात. पण रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स चढवण्याची घाई करू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्या घरात ५० हजारांवरच रडारड सुरू झाली होती.

मग ही शोधाशोध नातेवाइकांच्या गळ्यात का पडते? याला इतिहास आहे. एके काळी पैसे घेऊन रक्त देणारे लोक सर्रास होते. गरजेपोटी पुन्हा पुन्हा देणारे, आजार लपवणारे. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं, आणि योग्यच झालं. त्यांची जागा स्वेच्छेने देणाऱ्यांनी घ्यावी अशी अपेक्षा होती. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातही तेच आहे. बरीचशी घेतलीही. पण जिथे कमी पडलं तिथे 'एक पिशवी नेताय, एक दाता आणा' ही प्रथा राहिली. हे धोरणाला धरून नाही, तरी चालतं. आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर 'दाता आणा' याचा अर्थ 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाका' असा झाला. व्यवस्थेची उणीव माझ्या फोनमध्ये आली ती अशी.

खरं तर आधी रक्तपेढीला फोन करावा. सरकारच्या ई-रक्तकोष संकेतस्थळावर जिल्हा आणि गट निवडला की कुठल्या पेढीत किती साठा आहे ते दिसतं. निघण्यापूर्वी तिथे फोन करून खात्री करायची एवढंच. ए, बी, ओ पॉझिटिव्हसाठी राज्यभर मेसेज फिरवण्याची वेळ क्वचित येते.

जिथे खरोखर येते, ती गोष्ट अगदी इथलीच आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक असा रक्तगट सापडला की ज्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. साध्या चाचणीत हा गट ओ असल्यासारखा दिसतो. पण ओ गटाच्या पेशींवर असणारा 'एच' नावाचा पदार्थही या लोकांच्या पेशींवर नसतो, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच. भारतात साधारण दहा हजारांत एक. अशा वेळी गावोगाव निरोप जाणं हाच उपाय असतो, आणि यासाठी मी फॉरवर्डचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

पण मला जास्त खुपते ती दुसरी टोकाची गोष्ट. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. त्याच्यासाठी 'अर्जंट' मेसेज निघत नाही, कारण त्याची निकड दर महिन्याची आहे, ठरलेली आहे. यंत्राला ठरलेलं आवडत नाही. आपल्यालाही नाही, खोटं कशाला बोला. आमच्या पेठेतल्या खड्ड्याचा फोटो मी टाकला तेव्हा दोनशे लाइक आले. त्याच खड्ड्याचा तक्रार क्रमांक टाकला आणि 'तुम्हीही करा' म्हटलं, तर तिघांनी केली. त्यातली एक माझी जाऊ.

माझ्या वडिलांकडे एक वही होती. लाल कापडी पाठीची, दुकानात उधारीला वापरतात तशी. कॉलनीतल्या माणसांची नावं, रक्तगट, आणि तिसऱ्या रकान्यात शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने थांबावं लागतं, म्हणून तो रकाना. कुणाला कावीळ झाली की नावापुढे फुली. कुणी गाव सोडलं की रेघ. दीडेकशे नावं असतील. त्यांना रात्री फोन आला की ते वही उघडत आणि दोनच घरी निरोप जाई. आम्ही हसायचो. बाबा म्हणायचे, दीडशे लोकांना उठवायचं कशाला?

आता मी मेसेज लिहिते तेव्हा आधी तारीख आणि वार टाकते. मग रक्तपेढीचं नाव आणि तिचाच फोन, माझा नाही. 'हा मेसेज अमुक तारखेला रात्री ८ नंतर पाठवू नये' अशी ओळ वर, खाली नाही, कारण खाली कुणी पोचत नाही. आणि काम झालं की ज्या-ज्या ग्रुपवर टाकला तिथून तो सर्वांसाठी डिलीट करते. व्हॉट्सअ‍ॅप आता त्यासाठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ देतं. दुसऱ्यांनी पुढे पाठवलेल्या प्रती त्याने जात नाहीत, हे खरंच.

त्या हडपसरच्या पोराला मी सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, मी पहिल्यांदाच देणार होतो." वय एकोणीस, वजन बावन्न, आजार काही नाही. मी म्हटलं, मग जवळच्या पेढीत जा की, बी निगेटिव्ह म्हटल्यावर ते तुझी वाटच बघत असतील. बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर जागा आहे. त्याला विचारून त्याचं नाव लिहून घेतलं. तारखेचा रकाना मोकळा ठेवला, तो देऊन आला की भरीन.

ज्या ग्रुपवर मेसेज मिळाला तिथे 'हा जुना आहे, गरज नाही' असं लिही, एवढंही त्याला सांगितलं. त्याने लगेच लिहिलं, स्क्रीनशॉटही पाठवला. खाली तिघांनी हात जोडले होते.

तासाभराने त्याच ग्रुपवरच्या एका काकांचा फोन आला. "मॅडम, मी एबी पॉझिटिव्ह आहे. चालेल का?"